निळ्या रंगाची साक्ष

१२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळचा पाठ आटोपून आसनाची घडी करीत होतो, तोच सूनबाई दारात येऊन उभी राहिली. हात कोपरापर्यंत शेवाळाने माखलेले.

"अण्णा, एक काम आहे. नाही म्हणायचं नाही."

मी म्हणालो, "काम ऐकण्याआधी होकार देणं म्हणजे वचन देणं. वचनापायी राजांची राज्यं गेली आहेत."

"राज्य नको हो. तुमचे डोळे हवेत."

तिचा उद्योग या दैनंदिनीत पूर्वी आलाच आहे, तरी पुन्हा नोंदवितो. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेतील नोकरी सोडून तिने मागच्या अंगणातील मोटारीच्या खोलीला काचेचे छप्पर घातले आणि तेथे तीन उथळ हौद बांधले. त्यांत जे शेवाळ वाढते त्याचा एकेक तंतू इतका सूक्ष्म, की भिंगाखाली धरल्यावरच तो मळसूत्रासारखा वळलेला दिसावा. त्या हिरव्या तंतूच्या पोटात एक निळे द्रव्य दडलेले असते. मुलांच्या गोळ्यांना साखरेचे रंगीत कवच चढविणाऱ्या एका कारखान्याला असा खाण्याजोगा, निसर्गाचा निळा हवा आहे. सूनबाईने वाळवून पाठविलेला पहिला नमुना राखेसारखा होऊन परत आला. आता ९ मार्चला कारखान्याच्या परीक्षक बाई स्वतः येणार आहेत. या वेळीही रंग साधला नाही, तर हौद रिकामे करायचे आणि जुन्या नोकरीवर रुजू व्हायचे, असे तिने आपल्या मनाशी ठरविले आहे.

"दिवसभर हिरव्यात बघून माझे डोळे मेलेत," ती म्हणाली. "रंग मोजायचं मीटर जुनं घेतलंय, त्याचा दिवा लुकलुकतो. सकाळी एक आकडा, दुपारी दुसरा. तुमचे चिरंजीव माझं मन राखतात. आईंना तर चहा दाखवला तरी निळा म्हणतील. तुम्ही मात्र तसले नाही. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हाच मला सांगितलंत, मुली, तुझा गळा गाण्याचा नाही."

ते खरेच होते. मी होकार दिला. आयुष्यभर संस्कृत शिकविले, उत्तरपत्रिका तपासल्या. निकाल देण्याची सवय आहे. शिवाय साक्षीची भूमिका मला मनापासून मान्य आहे. जो पाहतो, पण जे पाहिले त्यात गुंतत नाही, तोच साक्षी.


१४ फेब्रुवारी

आज कृती पाहिली. शेवाळ दाट कापडातून गाळून, स्वच्छ पाण्याने धुऊन त्याचा गोळा करतात. तो गोठवायचा, वितळू द्यायचा, पुन्हा गोठवायचा. बर्फाच्या टोकांनी तंतूंच्या भिंती फुटतात. मग तो मिठाच्या पातळ पाण्यात थंड जागी ठेवायचा. निळे तेवढे पाण्यात उतरते, हिरवे चोथ्यात राहते. सूनबाई एका पिंपासारख्या यंत्रात ते मिश्रण गरगर फिरविते. चोथा तळाशी बसतो, रंग वर राहतो. घरात त्या यंत्राला फिरकी म्हणतात.

फुटल्यावाचून आतले बाहेर येत नाही, ही गोष्ट ऋषींनी निराळ्या शब्दांत सांगितलेलीच आहे. मी ती सूनबाईला समजावून सांगू लागलो. ती म्हणाली, "अण्णा, ऋषींना विचारा ना, फ्रीज कुठला घ्यायचा ते."

आमच्या हिला हा सारा प्रकार अजूनही विपरीत वाटतो. दारातून हौदाकडे पाहत म्हणाली, "जन्मभर टाकीतलं शेवाळ घासून घासून माझे हात गेले. आणि ही बया त्याला सोडा घालते, पंख्यानं वारं घालते. माझ्या टाकीला कुणी बक्षीस नाही दिलं!"


१५ फेब्रुवारी

पहिला निकाल. संध्याकाळी खोलीतील दिव्याखाली सूनबाईने बरणी पुढे केली. प्रकाशाने व उष्णतेने हा रंग मरतो, म्हणून तिने ती काळ्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

मी नीट पाहिले. घाई केली नाही. म्हणालो, "हिरवट आहे. हिरवटही नव्हे, पाटी धुतलेल्या पाण्यासारखं."

"निळं अजिबात नाही?"

"मला दिसत नाही."

तिने मीटरच्या आकड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आकडा तर चांगला आलाय," असे पुटपुटली. तरीही सगळा घाणा मोरीत ओतला.

मनाला लागले. परंतु प्रिय असत्य बोलू नये, हा धर्म आहे. मृदू शब्दांत बोललो, एवढे समाधान.

घरातील नवे दिवे मात्र अत्यंत मंद आहेत. मुलगा वीज वाचविण्याच्या नादात असले दिवे आणतो. पोथीची नवी आवृत्तीही अशीच. छापणाऱ्यांनी शाईत पाणी घातले असावे. मला सारे मुखोद्गत आहे म्हणून निभावते.


१९ फेब्रुवारी, सोमवार

दुसरा घाणा. या वेळी तिने पाणी अधिक थंड ठेवले होते, फिरकी दोनदा चालविली होती. निकाल तोच. मी म्हणालो, "मागच्यापेक्षा गडद आहे, पण रंग तोच, ओल्या दगडाचा."

मुलगा नुकताच कचेरीतून आला होता. पुलांचे आराखडे काढून त्याचेही डोळे शिणलेले. तो बरणीत डोकावून म्हणाला, "अण्णा, काय बोलता? चांगलं निळंशार आहे!"

"निळंच तर आहे," ही दारातून म्हणाली.

"बघा," सूनबाई म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं? दोघेही माझ्या बाजूचे."

मी त्यांना शास्त्रकारांचा जुना दृष्टान्त सांगितला. काविळीच्या रोग्याला पांढरा शंख पिवळा दिसतो. शंख पिवळा नसतो, रोग्याच्या डोळ्यांत पित्त उतरलेले असते. मायेचेही तसेच. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्या कष्टाला यश आलेले पाहावे, अशी इच्छा डोळ्यांत उतरते आणि धुतल्या पाटीचे पाणी निळेशार दिसू लागते. हा दृष्टान्त मी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना शिकविला आहे. पण त्याचे इतके चोख उदाहरण घरातच मिळेल, असे वाटले नव्हते.

मुलगा हसला. "म्हणजे आम्हाला कावीळ झालीय."

"तुला प्रेम झालंय," मी म्हणालो.

सूनबाई हसली नाही. तिने दुसराही घाणा ओतून दिला.


२४ फेब्रुवारी

किरकोळ नोंदी. आज सकाळी चहा कपाच्या बाहेर ओतला गेला. हल्ली कपांच्या कडा बशीच्याच रंगाच्या करतात, याला काय म्हणावे.

ही गेली दोन-तीन वर्षे एकच राखी रंगाची शाल पांघरते. मी म्हणालो, "ही उदास शाल टाकून दे, दुसरी घे." त्यावर माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले आणि म्हणाली, "तुम्हीच आणलीत ना हौसेनं?" मी असली शाल का आणीन, मला उमजत नाही. नंतर म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का एकदा?" मी सांगितले, मला लांबचे दिसते, पाठ म्हणता येतो, जिना चढता येतो. मी जिना उतरताना मात्र तिने हात धरला. वय झाल्यावर बायकांना उगाच काळजी वाटू लागते.

आणखी एक गोष्ट लिहावी की न लिहावी, याविषयी मन द्विधा आहे. सायंकाळी फिरून येताना रस्त्यावरच्या दिव्यांभोवती मला वलये दिसतात. प्रत्येक दिव्याभोवती मंद, रंगीत, संतांच्या मस्तकामागे काढतात तशी प्रभा. मी हिला विचारले, "तुला दिसते का?" ती म्हणाली, "नाही बाई." एवढ्या वर्षांच्या जपाचे काही फळ असेल काय? अहंकार नको. कोणाला सांगणार नाही. हिला मात्र विचारून बसलो आहे.


१ मार्च, शुक्रवार

आज दुपारी पाणी प्यायला उठलो, तेव्हा स्वयंपाकघरातील बोलणे कानी पडले. कान देऊन ऐकले नाही. पण बंदही केले नाहीत.

मुलगा म्हणत होता, "आकडे चांगले येतायत ना? मग अण्णांचं एवढं काय घेऊन बसलीस?"

"त्या मीटरनं मला पहिल्या खेपेलाही चांगलेच आकडे दाखवले होते. आणि माल राखेसारखा परत आला. आकड्यांवर विसंबून परत तोंडावर पडू?"

"मग माझ्यावर विसंब."

"मी तुला कारल्याचा रस दिला तरी गोड म्हणशील. अण्णा खोटं बोलत नाहीत रे. एवढ्या वर्षांत एकदा तरी बोललेत? त्यांना निळं दिसत नाही, म्हणजे निळं नाही. काहीतरी चुकतंय आणि मला सापडत नाहीये." मग म्हणाली, "शेवटचा एक घाणा करते. नाही जमलं तर हौद उपसायला मला मदत कर, एवढंच."

मी पाणी न पिताच परतलो. एखाद्याचा आपल्या शब्दावर इतका विश्वास असावा, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो शब्द छातीवर धोंडा ठेवावा तसा जड झाला.

संध्याकाळी ही जवळ येऊन बसली. "एकदा म्हणा ना निळं. तुमचं काय जातंय? पोरगी जेवत नाही धड."

"आणि परीक्षक बाईंनी बरणी परत केली तर?"

"तेव्हाचं तेव्हा."

"तेव्हा तिचं मन दोनदा मोडेल, आणि दुसऱ्यांदा ते मी मोडलेलं असेल."

ही उठली. जाताना म्हणाली, "तुमच्या खरेपणाला हात जोडते. पण कधीतरी तो माणसांच्या अंगावर पडतो, एवढं लक्षात ठेवा." बोलणे बोचले. आजच्या ध्यानात मन स्थिर होईना. नीलवर्ण मूर्ती डोळ्यांपुढे आणू लागलो, तर तीही अलीकडे मातकटच येते.


४ मार्च, सोमवार

आज जे घडले ते माझ्या बुद्धीला पुरते उलगडलेले नाही. जसे घडले तसे लिहितो.

शेवटचा घाणा तयार झाला. मी सूनबाईला म्हटले, "हा मला दिव्याखाली दाखवू नकोस. तुमचे दिवे मंद आहेत. एकदा सूर्यप्रकाशात पाहू दे. सूर्यापेक्षा मोठा साक्षी कोण?"

"उन्हात रंग मरतो अण्णा. मी बरणी कधी उन्हात काढतच नाही."

"क्षणभर काढ."

तिने बरणी काळ्या फडक्यातून काढली आणि काचेच्या छपराखाली उन्हाच्या पट्ट्यात धरली. मागे ते काळे फडके. मी प्रथम समोरून पाहिले, मग बाजूने. खोटे बोलायचे नाही आणि काही लपवायचेही नाही, असा निश्चय करूनच आलो होतो.

"समोरून तेच," मी म्हणालो, "ओला दगड. पण बाजूनं... बाजूनं लाल आहे."

"काय?"

"लाल. राख झटकल्यावर निखारा दिसतो तसं. हे बघ, या कडेला, जिथं ऊन पडतंय तिथं. तुझ्या मालात लाल काही पडलंय का?"

सूनबाईने बरणी खाली ठेवली, डोके वाकवून माझ्या बाजूने पाहिले आणि खुर्चीवर बसली. चेहऱ्यावर हसू होते की रडू, मला कळेना.

"अण्णा, पडलेलं काही नाही. तो या रंगाचाच गुण आहे. उन्हातला तांबडा-नारिंगी भाग हा पोटात घेतो आणि बाजूनं गडद लाल परत देतो. पुस्तकात वाचलं होतं. मी आपली बरणी अंधारात जपत बसले, म्हणून कधी पाहिलंच नाही. आणि तो असा लाल तेव्हाच चमकतो, जेव्हा निळा शाबूत असतो. भरपूर असतो. हिरव्यात नाही येत तो असा."

"मग निळा कुठे आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अचानक तिचा आवाज चढला. "दोन घाणे मी मोरीत ओतले, अण्णा! चांगले दोन घाणे!" आणि लगेच तोंडावर हात ठेवून हसू लागली, डोळ्यांतून पाणी वाहत होते.

मला वाटले, श्रमाने तिचा तोल गेला असावा. तिने आत जाऊन हिच्या विणकामाची टोपली आणली, लोकरीचे गुंडे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "जरा रंगांप्रमाणे वेगळे करून द्या ना." अशा वेळी लोकरीचे काय काम, असे मनात आले, परंतु तिला बरे वाटावे म्हणून करून दिले. काळे एका बाजूला, राखी एका बाजूला, हिरवे, पिवळे, लाल. ही शेजारी उभी राहून पाहत होती. मी काळ्यांच्या ढिगात शेवटचा गुंडा ठेवला, तेव्हा हिने सूनबाईचा हात घट्ट धरला.

"झालं," सूनबाई हळू म्हणाली. "छान केलंत. उद्या आपण तिघं एके ठिकाणी जाऊन येऊ."

मुलाला तिने दूरध्वनीवर सांगितलेले ऐकू आले: "मीटर बरोबर आहे. मीटर पहिल्यापासून बरोबर होतं." मग पहिला नमुना कशाने बिघडला, असे त्याने विचारले असावे, कारण ती म्हणाली, "तो वाळवताना जास्त तापला. आकडे ओल्याचे होते."


५ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत. हनुवटी टेकवायला सांगून त्यांनी दोन्ही डोळ्यांत प्रखर प्रकाशाची एक रेघ फिरविली.

"आजोबा, किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"मोतीबिंदूला." मग त्यांनी सूनबाईकडे वळून सांगितले, "दोन्ही भिंगं पिकलीत. पार पिवळी झालीत. निळा रंग आत पोचतच नसणार यांच्या. दिव्यांभोवती वलयं दिसतात का?"

मी उत्तर दिले नाही. हिने दिले. "दिसतात. यांना वाटलं, देव प्रसन्न झाला."

डॉक्टर हसल्या नाहीत, ही त्यांची सभ्यता. मी मात्र तेवढेच एक ऐकले: पिवळी झालीत.

पिवळा शंख! घरातील तिघांना मी तो दृष्टान्त ऐकविला. पुत्राच्या डोळ्यांत माया, पत्नीच्या डोळ्यांत माया, आणि मी एकटा निर्लेप साक्षी. पित्त माझ्याच डोळ्यांत होते. आयुष्यभर हा दृष्टान्त शिकवीत आलो, पण तो मला दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यासाठी दिलेला नाही, एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नाही.

परत येताना मोटारीत सूनबाईला म्हणालो, "तुझे दोन घाणे माझ्यामुळे गेले. क्षमा माग, असं कोणी मला सांगायची गरज नाही."

ती म्हणाली, "अण्णा, आई म्हणत होत्या तसं तुम्ही माझं मन राखायला निळं म्हणाला असता ना, तर लाल सांगितलंच नसतंत. मग तुमच्या डोळ्यांचं आणखी वर्षभर कुणाला कळलं नसतं. मी मीटरवर रागावलेली, तुम्ही दिव्यांवर रागावलेले, आणि आई आपल्या मधे."

"मी शाईवरही रागावलो होतो," मी म्हणालो.

पुढच्या आसनावरून ही म्हणाली, "आणि माझ्या शालीवर."


९ मार्च, शनिवार

परीक्षक बाई आल्या. मितभाषी, कपाळावर आठी. पण आवाज ऋजू. मी काचेच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. साक्षीदार म्हणून मी बाद झालेला. आत बसून करणार काय? कानांनी पाहिले. काचेवर चमच्याचा आवाज. साखरेच्या पाकाची मंद उकळ, सूनबाईचे "आता निवू द्या, कोमट झाल्यावर घाला." मग शांतता. ती शांतता मला सोसवेना, म्हणून मनातल्या मनात स्तोत्र म्हणू लागलो, आणि मधेच ओळ विसरलो. कधी विसरत नाही.

बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात कागदी द्रोण, द्रोणात कवच चढविलेल्या गोळ्या. "आजोबा, तुम्हाला कसा वाटतो रंग?"

"मला विचारू नका. माझी भिंगं बदलायची आहेत. हिला विचारा, हिची नजर आमच्या घरात सर्वांत स्वच्छ आहे."

ही लाजली. तिला कोणी कधी परीक्षक नेमले नव्हते. "सुंदर आहे हो," म्हणाली. "मी पहिल्यापासून सांगत होते."

रंग बाईंच्या मनास आला आहे. परंतु गोळ्या दुकानाच्या खिडकीत राहतात, तेथे उजेड असतो. तो उजेड रंगाला सोसतो की नाही हे पाहिल्यावाचून कारखाना होकार देणार नाही. काही गोळ्या त्या खिडकीत ठेवण्यासाठी घेऊन गेल्या, काही सूनबाईने आमच्या खिडकीत मांडल्या. उरलेल्या डबीत, अंधारात. महिनाअखेरीपूर्वी कळवितो, असे म्हणाल्या. म्हणजे हौद अजून उपसलेले नाहीत, एवढेच आजचे फळ.


१७ मार्च

शस्त्रक्रिया बुधवारी, आधी उजव्या डोळ्याची. सूनबाई रोज खिडकीपाशी थांबते, गोळ्यांकडे पाहते आणि निघून जाते. "रोज बघून बघून कळेनासं होतं," म्हणाली. मुलगा म्हणतो तशाच आहेत. ही म्हणते तशाच आहेत. मी काही म्हणत नाही.


२० मार्च

झाली. दुखले नाही. डॉक्टरांनी बोलत राहा म्हटले, तर मी भीतीने अर्धा अध्याय म्हणून टाकला. त्या म्हणाल्या, "आवाज चांगला आहे तुमचा." सूनबाई बाहेर होती, म्हणून प्रत्युत्तर मिळाले नाही.


२२ मार्च, शुक्रवार

काल पट्टी निघाली. काल लिहिले नाही. हात लिहायला तयार नव्हता.

प्रथम पांढरे दिसले. इतके पांढरे, की भिंत नुकती रंगविली का, असे परिचारिकेला विचारले. घरी आलो, तर सगळीकडे धूळ. हिला म्हणालो, "घर इतकं अस्वच्छ कधीपासून?" ती म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना सांगून पट्टी परत बांधून घेऊ का?"

मग सूनबाईने मला खिडकीपाशी नेले. एका हातात खिडकीतली गोळी, दुसऱ्या हातात डबीतली. मुलगा मागे उभा. ती म्हणाली, "आमचे डोळे रोजचे झालेत. तुम्ही हा रंग पहिल्यांदा बघताय. आता खरं सांगा."

मी लगेच बोललो नाही. पहिल्यांदा तो रंग नुसता पाहिला. लहानपणापासून ज्याचे वर्णन तोंडाने म्हणत आलो, ज्याचे अर्थ विद्यार्थ्यांना सांगितले, मेघासारखा, अतसीच्या म्हणजे जवसाच्या फुलासारखा, तो तिच्या तळहातावर साखरेच्या गोळीवर बसला होता. डावा डोळा मिटला की आकाश. उजवा मिटला की ओला दगड. मी दोन-तीनदा असे करून पाहिले. सूनबाई थांबली. घाई केली नाही.

मग मी परीक्षा दिली. "डबीतली निळी आहे. खिडकीतलीही निळी आहे, पण ती एक छटा उतरली आहे. थोडीच. पण उतरली आहे."

मुलगा म्हणाला, "अण्णा!"

"नाही, थांब," सूनबाई म्हणाली. तिने दोन्ही गोळ्या शेजारी धरल्या, खिडकीकडे पाठ केली, पुन्हा पाहिल्या. "बरोबर आहे. उतरलीय." ती आत गेली आणि परीक्षक बाईंना तिने स्वतःहून दूरध्वनी केला. दार उघडेच होते. "नमस्कार. सांगायचं होतं, उजेडात माझा रंग एक छटा फिका पडतोय. तुम्ही बघितलं नसेल तर बघून घ्या."

पलीकडचे मला ऐकू आले नाही. सूनबाई बराच वेळ ऐकत राहिली. "हो... हो... बंद डबीत? झाकणाच्या? हो, अंधारात तो टिकतो, खात्री आहे माझी. हो, चालेल. चालेल हो."

ती बाहेर आली. "त्यांनी चार दिवसांपूर्वीच पाहिलं होतं. मी सांगते की लपवते, याची वाट बघत होत्या. खिडकीतल्या बरण्यांसाठी नको म्हणाल्या. डबीबंद गोळ्यांसाठी हवाय. पुढच्या महिन्यापासून, थोडा थोडा."

"म्हणजे हौद?" मुलाने विचारले.

"म्हणजे हौद राहणार," ती म्हणाली, आणि जाऊन शेवाळाला सोडा घालू लागली. डोळे पुसायला तिला आमच्याकडे पाठ करावी लागली नाही. आम्हीच आमची तोंडे फिरविली.

हे आजचे मुख्य लिहिणे. एक उरले आहे.

ऊन खाली आल्यावर ही माझ्या डोळ्यांत थेंब घालायला आली. वाकली, तेव्हा खांद्यावरून शाल घसरून माझ्या हातावर पडली. मी उजव्या डोळ्याने पाहिले. राखी नव्हती. सूनबाईच्या बरणीतला होता, तोच रंग. आणि मला आठवले: दुकानात पन्नास शाली उलटून झाल्यावर ही एकच निवडली होती, आणि हिला म्हणालो होतो, हा रंग देवाचा आहे, जपून वापर.

"वर बघा," ती म्हणाली. "हलू नका."

मी वर पाहिले. थेंब पडला. मी म्हणालो, "शाल टाकू नकोस."

"टाकते कशाला?" ती म्हणाली. "दुसरा डोळा उघडा."